प्यासनगरचा निरीक्षक

नंदूभियांची आणि आमची ओळख आधी पावलांनी झाली. देवासच्या आमच्या घराचा वरचा मजला त्यांनी भाड्यानं घेतला, त्या संध्याकाळी मी ओट्याशी पोळ्या लाटत होते आणि डोक्यावर कुणीतरी येरझारा घालत होतं. सामान लावत असतील म्हणून मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी जपाची माळ थांबवली, छताकडे पाहिलं आणि विचारलं, "काय गं, हा गृहस्थ बसतो तरी केव्हा?"

ते बसत नसत. चहा उभ्यानं, वर्तमानपत्र उभ्यानं, फोनवर बोलायचं तर जिन्यावर चढत-उतरत. एका कोचिंगमध्ये ते गणित शिकवायचे. तिथंही म्हणे फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत त्यांच्या इतक्या फेऱ्या व्हायच्या की मुलांच्या माना दुखत. मी एकदा खुर्ची पुढं केली तर म्हणाले, "नको वहिनी. मी बसलो की माझं डोकंपण बसून जातं."

नाव नंदकिशोर फणसे. इकडच्या बोलीत भैयाचं भिया होतं, म्हणून नंदूभिया. मूळचे धारचे. चाळिशीला टेकलेले, उंच, खांद्यातून किंचित पुढं झुकलेले. कुणाच्या तरी वहीत डोकावत असल्यासारखे. लग्न झालेलं नव्हतं. वरच्या खोलीत एक पलंग, पुस्तकांचं कपाट आणि इस्त्रीचं एक उंच टेबल, एवढाच संसार. त्या टेबलावर इस्त्री कधी झाली नाही. त्यावर कॉम्प्युटर होता, आणि त्याच्यापुढं उभे राहून नंदूभिया रोज संध्याकाळी गोळीबार करत.

पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी जिन्याखालून हाक मारली होती, "अहो, वर फटाके फोडता की काय?"

ते धावतच खाली आले. "सॉरी काकू, गेम आहे. आवाज कमी करून घेतो."

"या वयात खेळता?"

"खेळत नाही काकू," ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "तपासतो."

तपासायचे म्हणजे खरोखरच तपासायचे. कॉम्प्युटरवरचे गेम, त्यातही गोळीबाराचे, आणि त्यातही पुढच्या काळातल्या बिघडलेल्या जगाचे. माणसांना नंबर दिलेले, रस्त्यावर यंत्रांचा पहारा, आभाळाचा रंग गेलेला, आणि एकटाच कुणीतरी बंदूक घेऊन निघालाय, अशा गोष्टी. असा एकेक गेम ते शेवटपर्यंत खेळत आणि रविवारी इंटरनेटवरच्या आपल्या चॅनलवर त्याचे गुणदोष सांगत. चॅनलचं नाव 'दो पलड़े', म्हणजे दोन पारडी. चेहरा दाखवत नसत, नुसता आवाज. हिंदी, मधूनमधून माळवी. पहिल्या पारड्यात गुण. निदान तीन गुण सापडल्याशिवाय दोष काढायचा हक्क नाही, हा त्यांचा नियम. तीन गुण झाले की जराशी शांतता, आणि मग खालच्या पट्टीत, "चलो, अब कमियों की बात."

लोक त्या वाक्याचीच वाट बघत. मी शाळेत विज्ञान शिकवते. हा आवाज आमच्या वरच्या मजल्यावर राहतो हे नववीच्या मुलांना माहीत पडलं, तेव्हापासून माझ्या तासाला वर्ग जरा शांत राहू लागला.

ही सवय गेमपुरती असती तर प्रश्न नव्हता. होळीला सासूबाईंनी त्यांना पुरणपोळी दिली. त्यांनी ती उभ्यानं खाल्ली, ताटली धुऊन आणून दिली आणि म्हणाले, "काकू, पुरण एक नंबर. गूळ बरोबर. जायफळ तर सही पडलंय. पण कणीक कमजोर आहे, काठाला पुरण पोचत नाही." पन्नास वर्षं पुरणपोळ्या करणाऱ्या सासूबाई ताटली घेऊन आत गेल्या. पाडव्याला मात्र मी पाहिलं, त्या कणीक तिंबत होत्या, तिंबतच होत्या. पोळी वर पाठवली आणि जिन्याशी उभ्या राहिल्या. वरून आवाज आला, "काकू, आता काहीच कमी नाही!" सासूबाई पदरानं हात पुसत म्हणाल्या, "मेला खरं बोलतो, हीच पीडा आहे."

कन्नोदचं एक स्थळ नंदूभियांना आलं होतं. धान्याच्या व्यापारातलं मराठी घर, मुलगी शाळेत शिक्षिका. नंदूभियांच्या आईंना गुडघ्यांमुळे प्रवास झेपायचा नाही, म्हणून धारहून त्यांचा फोन आला आणि आम्ही नवरा-बायको बरोबर गेलो. दोघांना बोलायला गच्चीवर सोडलं. थोड्याच वेळात दोघं खाली आले, आणि मुलीनं सगळ्यांसमोर सरळ नकार दिला. कारण तिनं नंतर मला स्वयंपाकघरात सांगितलं. तिनं सहज विचारलं होतं, माझ्याबद्दल काय वाटलं? यांनी तीन गुण सांगितले. चांगलेच सांगितले, ती म्हणाली. मग म्हणाले, "कमी एवढीच की तुम्ही समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, समोरचा थांबतच नाही, तर मी बोलू कधी?"

परतीच्या बसमध्ये जागा असून नंदूभिया दांडा धरून उभे होते. बऱ्याच वेळानं आमच्याकडे वाकून म्हणाले, "बरोबर बोलली ती." त्यांच्या चेहऱ्यावर नकाराचं दुःख नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी त्यांची चूक नेमकी काढली, याचं कौतुकच होतं. पुढं किती दिवस ते त्या मुलीचं नाव आदरानं घ्यायचे.

सासूबाईंना या बिघडलेल्या भविष्याचं फार कुतूहल. एका दुपारी त्यांनी विचारलं तेव्हा नंदूभियांनी अंगणात फेऱ्या मारत सगळं समजावून सांगितलं. "बघा काकू, पुढचा काळ आहे. पाऊस बंद. पाणी सरकारच्या हातात. लोक रांगेत उभे. पाणी बाहेरून गाडीनं आणून राहिलेत, त्यावरून मारामाऱ्या..."

"यात पुढचं काय आहे हो?" सासूबाई म्हणाल्या. "देवासला रेल्वेनं पाणी येत असे. तुमच्या वहिनी तेव्हा या घरात आल्या नव्हत्या. मी कळशी घेऊन उभी राहिलेली आहे."

नंदूभिया फेरी मारता मारता थबकले. त्या रविवारी त्यांनी चॅनलवर सांगितलं, की हमारी काकू म्हणतात, तुमचं भविष्य हा आमचा भूतकाळ आहे, आणि या गेमचा सगळ्यात मोठा दोष तोच, पाण्याच्या रांगेत कधी उभं न राहिलेल्या माणसानं तो बनवलाय. सासूबाई त्या दिवसापासून चॅनलचा प्रत्येक भाग ऐकू लागल्या.

नंदूभियांचा एक धाकटा भाऊ होता. संजू. दहा-अकरा वर्षांनी लहान. इंदूरला चार-पाच मित्रांबरोबर एक फ्लॅट घेऊन राहायचा आणि ही मुलं मिळून स्वतःच एक गेम बनवत होती. कधी शनिवारी तो देवासला यायचा. बारीक, कमी बोलणारा. थोरला बसायचा नाही आणि धाकटा आला की भिंतीला टेकून जमिनीवर जो बसायचा, तो निघेपर्यंत उठायचा नाही. बोटानं गुडघ्यावर काहीतरी रेखाटत राहायचा.

एकदा नंदूभियांचा क्लास लांबला आणि संजू आमच्याकडे थांबला. मी मटार सोलत होते, तोही सोलू लागला. मी सहज म्हटलं, तुझी चित्रकला लहानपणापासून चांगली असणार.

"बाबा गेले तेव्हा मी पाचवीत होतो, वहिनी," तो म्हणाला. "तेव्हापासून दादानंच सगळं केलं. फी, कपडे, अभ्यास. कधी मारलं नाही. आवाजसुद्धा नाही चढवला. फक्त मी काही करत असलो ना, की मागे येऊन उभा राहायचा." दोन-तीन शेंगा तशाच गेल्या. "सातवीत धारच्या किल्ल्याचं चित्र काढलं होतं मी. शाळेत पहिलं आलं. दादानं बघितलं. म्हणाला, रंग छान, दगड छान, आभाळ छान. मग म्हणाला, सावल्या दोन दिशांना पडून राहिल्यात. सूर्य किती आहेत तुझ्याकडे?"

"मग?"

"खरंच होतं ना ते. चुकल्याच होत्या सावल्या." तो हसला. "चित्र मी विहिरीत टाकून आलो. दादाला वाटलं, हरवलं."

गेमबद्दल विचारलं तर संजू भावाला काही दाखवत नसे. "पुरा झाला की बघ." तेवढंच. नंदूभियांना मात्र गल्लीतल्या प्रत्येकाला सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला, आमच्या ह्यांना पिथमपूरच्या कारखान्याच्या बसची वाट बघताना: "माझा भाऊ गेम बनवून राहिलाय. शूटर. आपल्या इकडच्या माणसांनी बनवलेला." आणि मग लगेच स्वतःशीच, "बघू. लाइट कशी जमलीये ते बघायला पाहिजे."

उन्हाळ्याच्या तोंडाशी गेम बाजारात आला. नाव 'प्यासनगर'. माळव्याची वाळू झालेली, काचेच्या घुमटाखाली एक शहर, आणि टँकर चालवणारी एक बाई बंदूक घेऊन त्या शहराच्या मधोमध उभ्या असलेल्या मनोऱ्यापर्यंत पोचते, अशी गोष्ट. नंदूभियांनी कोचिंगमधून दोन दिवसांची सुट्टी काढली. पहिल्या दिवशी डोक्यावर पावलं होती, गोळ्या होत्या, मध्येच "वा, संजू, वा!" असंही ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं एकदम थांबलं. मी आणि सासूबाईंनी एकमेकींकडे पाहिलं. थोड्या वेळानं जिन्यातून आवाज आला.

"वहिनी, जरा वर येता? एक आवाज ऐकायचाय."

मी गेले. पडद्यावर तपकिरी धूळ, नळापुढं घागरींची रांग, आणि रांगेवर उंचावरून कर्ण्यातून कुणीतरी बोलत होतं. शांत, समजूतदार आवाज. रांगेतल्या एका माणसाचा नंबर घेऊन तो म्हणाला, "नागरिक, आपका अनुशासन अच्छा है. आपका धीरज अच्छा है. आपके काग़ज़ पूरे हैं." मग जराशी शांतता. "चलिए, अब कमियों की बात."

मी हसले. मला वाटलं, भावानं गंमत केली. पडद्यावर तो आवाज एकेक कमी वाचत होता आणि दर कमीला त्या माणसाच्या नळाची धार बारीक होत होती. शेवटी थेंब राहिले. मी वळून पाहिलं. नंदूभिया हसत नव्हते.

"याला निरीक्षक म्हणतात," ते म्हणाले. "सगळं शहर हा चालवतो. मारत नाही कुणाला. ओरडत नाही. फक्त तपासतो." त्यांनी पडद्यावर गेममधलंच एक चित्र काढून दाखवलं. मनोऱ्यातली खोली. खिडकीशी एक उंच माणूस, पाठमोरा, खांद्यातून पुढं झुकलेला. खोलीत कुठंही खुर्ची नव्हती.

"हा मी आहे ना, वहिनी?"

मी पुन्हा पडद्याकडे वळले. "आवाज तर वेगळाच आहे."

"आवाज दुसऱ्याचा आहे. बोलणं माझं आहे."

"शेवटी काय होतं याचं?"

"शेवटी मी वर चढून जातो आणि याला गोळी मारतो. तशी गोष्ट आहे."

"मारली?"

"अजून नाही," ते म्हणाले आणि खिडकीकडे गेले.

पुढचे दिवस वाईट गेले. ते सकाळी निघत, गावातली देवीची टेकरी चढत, उतरत, पुन्हा चढत. कोचिंगमध्ये फळ्यावर गणित चुकलं आणि मुलांनी दाखवून दिलं, असं कानावर आलं. इकडे चॅनलवर लोक विचारायला लागले होते: आपल्या इंदूरच्या मुलांनी गेम बनवलाय, 'दो पलड़े' गप्प का? काहींनी तर निरीक्षकाचं ते वाक्य ओळखलंही होतं. भिया, तुम्हारा डायलॉग चुरा लिया इन्होंने, असं लिहून हसत होते. एका संध्याकाळी ते अंगणात इतका वेळ फिरले की सासूबाईंना गरगरायला लागलं आणि त्या तोंड फिरवून बसल्या.

मग एका शनिवारी संजू आला. वर गेला नाही. आमच्या ओसरीवरच बसला आणि त्यानं भावाला खाली बोलावलं. मी उठायला लागले तर नंदूभिया म्हणाले, "बसा वहिनी. तुमच्यापासून काय लपवायचंय?" सासूबाई कोपऱ्यात मेथी निवडत होत्या, त्या तशाही उठल्या नसत्या.

"दादा, रिव्ह्यू नको करू," संजू म्हणाला.

"का?"

"तू कमी काढशील, तर लोक घेणार नाहीत. तारीफ केलीस, तर भाऊ म्हणून केली म्हणतील. तुझी इज्जत जाईल. दोन्हीकडून नुकसानच आहे."

"हे कारण नाही."

संजू बोटानं गुडघ्यावर रेघा ओढू लागला.

"तो निरीक्षक कोण आहे, संजू?"

"पात्र आहे."

"माझ्यासारखा बोलतो."

"सगळ्यांचे दादा तसेच बोलतात."

"सगळ्यांचे दादा आधी तीन गुण सांगतात?"

संजू चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत होता. मग तो उठून उभा राहिला. त्याला असं मध्येच उठलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"हाव, तूच आहेस. काय करू? लिहायला बसलो की दुसरं कुणी येतच नव्हतं. दादा, मी आजपण नवा शर्ट घातला ना, की आधी तुझा आवाज येतो. रंग चांगला. शिलाई चांगली. कापड चांगलं. आणि मग मी आरशासमोर वाट बघत उभा राहतो." त्याचा श्वास लागला होता. "तू माझं वाईट कधी केलंच नाहीस. केलं असतंस तर भांडता तरी आलं असतं."

"म्हणून गोळी?"

"शूटर आहे, दादा. शूटरमध्ये दुसरं काय करणार?"

सासूबाई म्हणाल्या, "संजू, जेवून जा हो." पण तो थांबला नाही. फाटकाची कडी तशीच लोंबकळत ठेवून गेला.

नंदूभियांनी जाऊन ती कडी लावली. "खरंच वहिनी, मी कधी आवाज नाही चढवला त्याच्यावर," ते म्हणाले. "मला तो माझा गुण वाटत होता."

त्या रविवारी 'दो पलड़े'चा भाग आला. मी फोन ओट्यावर कुकरशेजारी उभा करून ठेवला, सासूबाई स्टूल ओढून बसल्या. ते हिंदीत बोलले, मी आपल्या शब्दांत सांगते.

सुरुवातीलाच ते म्हणाले, की हा गेम बनवणाऱ्यांत माझा सख्खा भाऊ आहे. माझं बोलणं त्या हिशेबानं ऐका, नको असेल तर इथंच बंद करा.

मग गुण. या गेममध्ये बंदुकीला वजन आहे, ती उचलताना बाईचा खांदा खाली जातो. पाणी आणि गोळ्या एकाच पिशवीत मावतात, म्हणून प्रत्येक लढाईआधी ठरवावं लागतं की जास्त गोळ्या घ्यायच्या की तहान भागवायची, आणि एवढी साधी गोष्ट मोठमोठ्या कंपन्यांना सुचलेली नाही. रांगेतली माणसं खरी आहेत, ती नंबर लागेपर्यंत एकमेकांची घागर धरतात. उजेड खरा आहे. "मी संपूर्ण शहर फिरलो," ते म्हणाले, "घुमटाखाली, गल्लीत, गटारात. प्रत्येक सावली एकाच दिशेला पडते. ज्या पोरानं हे केलंय त्यानं फार मेहनत केली. त्याला हे कुणीतरी याआधीच सांगायला पाहिजे होतं."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद केला.

आणखी एक गुण, ते म्हणाले. निरीक्षक. इतकं खरं दुष्ट पात्र मी आजवर बघितलं नाही. कारण त्याला आपण दुष्ट आहोत हे माहीतच नाही. त्याला वाटतं, आपण शहराचं भलं करून राहिलो. "ज्यानं हा लिहिलाय, त्यानं याला जवळून बघितलाय. मी खात्रीनं सांगू शकतो."

मग शांतता झाली. लांबलचक. मला वाटलं फोनच बंद पडला. ते नेहमीचं वाक्य आलंच नाही. ते फक्त म्हणाले, "दूसरा पलड़ा."

पहारेकरी मूर्ख आहेत, एकाच कोपऱ्यावरून एकामागून एक येतात आणि मरतात. मधले गटारातले भाग लांबलेत, तिथं कंटाळा येतो. मेलात तर फार मागून सुरुवात करावी लागते. हे सगळं त्यांनी भराभर सांगितलं. सांगायचं ते अजून पुढंच होतं.

"आणि शेवट," ते म्हणाले. "इतकं सोसून ही बाई मनोऱ्यावर चढते. निरीक्षक पाठमोरा उभा असतो. मी तिथं बंदूक खाली केली आणि थांबलो. वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. नाहीतर तो वळेल. फार वेळ थांबलो. काही होत नाही. गेम तुमच्या गोळीची वाट बघत राहतो, दुसरं काही करूच देत नाही. मग मारली मी गोळी. गेम संपला." एक घोट पाणी प्यायल्याचा आवाज आला. "मी हा दोष मानतो. तिच्याजवळ बोलायला एवढं होतं. तो ऐकून घेणारा होता की नाही, मला नाही माहीत. बहुतेक नव्हता. पण बोलायचं एक बटन द्यायला पाहिजे होतं. त्याच्यासाठी नाही. तिच्यासाठी."

शेवटी, घ्यावा की घेऊ नये? घ्या, ते म्हणाले. आणि भाग संपला.

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच म्हणाल्या, "कांदा आहे गं तो." कांदा त्या दिवशी चिरलेलाच नव्हता.

वरच्या मजल्यावर त्यानंतर फार दिवस ते राहिले नाहीत. धारला आईंचे गुडघे पारच गेले होते. तिथल्या एका शाळेत जागा मिळाली आणि पावसाळ्याआधीच त्यांनी खोली सोडली. गेम बरा चालला, असं माझे विद्यार्थी सांगायचे. संजूचा फोन मात्र नंदूभियांना येत नसे. आठवड्यातून दोनदा आईला यायचा. एकदा सासूबाईंनी फोनवर नंदूभियांना विचारलं, तर ते म्हणाले, "त्याला वेळ द्यायला पाहिजे, काकू," आणि दुसऱ्याच वाक्याला आमच्या नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारू लागले.

दिवाळीनंतर गेममध्ये काही सुधारणा झाल्या म्हणे. पहारेकरी शहाणे झाले, गटारातले भाग कापले. मी दहावीतल्या एका मुलीला विचारलं, आणि मनोऱ्यावर? ती म्हणाली, "नहीं मॅडम, ऊपर तो अब भी गोली ही मारनी पड़ती है."

त्यानंतर एकदाच दिसले ते मला. मार्गशीर्षातली थंडी, धारला नात्यात एक साखरपुडा होता. बसस्टँडवरून ऑटो केली, आणि तलावाच्या रस्त्याला समोरून वरात आली. ऑटो अडकली. बँडच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून मी नुसती बाहेर बघत होते. कडेला गराडूची गाडी होती. तेलात तळलेल्या कंदाची वाफ उठत होती, आणि त्या वाफेपलीकडे ते दोघं भाऊ.

संजू बोलत होता. काय, ते कळत नव्हतं. पण साधं काही नव्हतं. दोन्ही हात हवेत फेकत, मध्येच भावाच्या छातीकडे बोट दाखवत, मध्येच मान फिरवून तलावाकडे बघत आणि पुन्हा वळून. चेहरा लाल झालेला. त्याच्याजवळ कितीतरी वर्षांचं साठलेलं असावं, ते संपत नव्हतं.

ऑटोवाला म्हणाला, "पहचान के हैं क्या मॅडम? रोकूँ?"

"नको," मी म्हटलं. "रस्ता मिळाला की चला."

नंदूभियांच्या एका हातात स्वतःची प्लेट होती आणि दुसऱ्या हातात संजूची. त्याला बोलायला दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून त्यांनी ती धरून ठेवली असावी. दोन्ही प्लेटमधले गराडू निवत चालले होते. वरात पुढं सरकली, ऑटो हलली, तरी ते तसेच होते, दोन प्लेट धरून, आणि त्यांचे ओठ एकदाही हललेले मला दिसले नाहीत.